खडीचा भाव आणि विहिरीचे मोल

गावाच्या शिवाराला लागून दगडाची खाण निघणार अशी वार्ता आली, की पुढे जे घडते ते सर्वत्र जवळजवळ एकाच क्रमाने घडते. कुणीतरी तालुक्याच्या कचेरीतून बातमी आणतो. चावडीवर चार माणसे जमतात. विहिरीचे काय होईल, उभ्या पिकाचे काय होईल, घराच्या भिंती टिकतील काय, मुलांच्या शाळेच्या वाटेवरून गाड्या धावणार काय, असे प्रश्न एकामागून एक निघतात. अर्ज लिहिला जातो, त्यावर सह्या होतात, अंगठे उठतात, आणि तो अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन एखाद्या फायलीच्या तळाशी विसावतो. पहिला सुरुंग वाजला, की त्या अर्जाची आठवण अर्जदारांखेरीज कोणालाही राहत नाही.

शहरातल्या सुशिक्षित वाचकाला हे सारे दूरचे वाटते. खाण गावात, विहीर गावात, भांडण गावात. आपला त्यात संबंध काय, असे त्याला वाटले तर नवल नाही. परंतु ज्या दगडासाठी ती खाण निघते तो दगड गावात राहत नाही. तो खडी होऊन, कच होऊन, हल्ली वाळू होऊन आपल्या शहरात येतो. आपण ज्या छपराखाली निजतो त्या छपरात तो आहे, ज्या पुलावरून कचेरीत जातो त्या पुलात तो आहे. शेतकऱ्याच्या बांधाशी उभा राहिलेला हा वाद म्हणूनच आपल्या उंबरठ्याशीही उभा आहे, आणि त्याविषयी मौन पाळण्याचा अधिकार शहराला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाला आज विशेष निकड आली आहे ती एका सरकारी निर्णयामुळे. २०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले. दगड भरडून वाळू तयार करणाऱ्या उद्योगांना उत्तेजन द्यावे, सरकारी बांधकामांत या वाळूचा वापर वाढवावा, आणि स्वामित्वधन दर ब्रासला ६०० रुपयांऐवजी २०० रुपये घ्यावे, असे त्याचे स्वरूप आहे. या धोरणामागचा हेतू चांगला आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. नद्यांच्या पात्रांतून वाळूचा जो बेसुमार उपसा झाला त्याने नद्या खरवडून निघाल्या, काठच्या विहिरी आटल्या, आणि वाळूचा धंदा करणाऱ्या टोळ्यांनी महसूल खात्याच्या कर्मचाऱ्यांवर हात टाकण्यापर्यंत मजल मारली. नदी वाचवायची तर बांधकामाला दुसरी वाळू हवी, हा विचार योग्यच आहे. तथापि नदीवरचे ओझे काढून आपण ते कोठे ठेवीत आहोत, याचा विचार त्याबरोबर झाला पाहिजे. ते ओझे डोंगराच्या पायथ्याशी, माळाच्या कडेला, म्हणजेच कुणाच्या तरी शेताच्या शेजारी जाऊन पडणार आहे. नदीकाठच्या शेतकऱ्याला न्याय देण्यासाठी माळावरच्या शेतकऱ्यावर अन्याय करणे हे धोरण नव्हे. ती केवळ अन्यायाची बदली झाली.

खाणीच्या शेजाऱ्याला पहिली भीती विहिरीची वाटते. ही भीती अडाणीपणाची आहे असे मानणारे अधिकारी आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनी आपल्या पायाखालच्या खडकाची माहिती करून घ्यावी. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजले. त्यांतून हे दख्खनचे पठार बनले. वाळूच्या किंवा गाळाच्या प्रदेशात पाणी जसे कणाकणांत साठते तसे ते या कातळात साठत नाही. घट्ट काळा दगड पाणी धरीत नाही आणि सोडीतही नाही. पाणी असते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात, दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात, आणि कातळाला पडलेल्या भेगांत व सांध्यांत. विहीर खोदणारा जुना माणूस झरा कोणत्या अंगाने फुटेल याचा अंदाज बांधतो तो याच भेगांवरून. शंभर पावलांवर दोन विहिरी असाव्यात, एकीला उन्हाळाभर पाणी असावे आणि दुसरी माघातच कोरडी पडावी, याचे कारण हेच आहे.

आता अशा भूमीत विहिरीपासून थोड्या अंतरावर विहिरीहूनही खोल खड्डा खणला, तर काय होईल हे समजण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. खाणीचा तळ पाण्याच्या पातळीखाली गेला की ज्या भेगेतून झरा विहिरीकडे वाहत होता ती भेग खाणीच्या भिंतीत उघडी पडते, आणि पाणी सखल जागेकडे वळते. खाणीत साचलेले पाणी कामाला अडथळा करते म्हणून ते पंपाने उपसून ओढ्यात सोडले जाते. अशा रीतीने शेजारच्या चार विहिरींचे पाणी एका खाणीच्या पंपातून निघून जाते, आणि त्या चार विहिरींच्या मालकांना त्याचा पुरावा देता येत नाही. भूगर्भातली गोष्ट; ती डोळ्यांनी दाखविता येत नाही. पाऊस कमी झाला असेल, असे उत्तर मिळते. कधी ते खरेही असते. परंतु खरे काय हे ठरविण्यासाठी खाण सुरू होण्याआधी त्या विहिरींत किती पाणी होते याची नोंद हवी, आणि नेमकी ती नोंद बहुधा कोणी ठेवलेली नसते.

दुसरी चिंता धुळीची. क्रशरमधून निघणारी भुकटी वाऱ्याबरोबर जाते आणि पानांवर बसते. पानावर धूळ बसली की त्याला मिळणारा प्रकाश कमी होतो, पानाची छिद्रे बुजतात, झाडाचा श्वास कोंडतो. द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेत फुलोऱ्याच्या वेळी ही धूळ बसली तर वर्षाची कमाई गेली असे समजावे. चाऱ्यावर बसली तर ती जनावराच्या पोटात जाते. कायद्याने यावर उपाय सांगितले नाहीत असे नाही. क्रशरला वारा अडविणारी भिंत हवी, यंत्रावर झाकण हवे, पाण्याचे फवारे हवेत, आवारातले रस्ते पक्के हवेत, सभोवती झाडांची रांग हवी. यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतील धुळीचे प्रमाण दर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. नियम असा नेमका आहे. एखाद्या हमरस्त्याने जाताना क्रशरच्या दिशेने नजर टाकावी. नियमातले फवारे आणि प्रत्यक्षातले पांढरे ढग यांची तुलना प्रवाशाला गाडीच्या खिडकीतूनच करता येईल.

तिसरी चिंता सुरुंगाची. मातीच्या भिंतींचे घर आणि सिमेंटचे घर यांना बसणारा हादरा सारखा नसतो. खाणींतील सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संचालनालयाने १९९७ मध्ये जमिनीच्या कंपनाच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत, आणि त्या खाणमालकाच्या स्वतःच्या इमारतींपेक्षा दुसऱ्याच्या घरांसाठी अधिक कडक ठेवल्या आहेत. यामागची न्यायबुद्धी उघड आहे. ज्याला नफा नाही त्याला हादराही कमीत कमी बसावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०२० मध्ये सुरुंगाविना चालणाऱ्या दगडखाणीसाठी वस्तीपासून किमान १०० मीटर आणि सुरुंग वापरणाऱ्या खाणीसाठी किमान २०० मीटर अंतराची शिफारस केली. या शिफारशीतले अंतर घरापासूनचे आहे. विहिरीपासूनचे, बागेपासूनचे, गोठ्यापासूनचे अंतर कोणी मोजायचे? शेतकऱ्याचे घर चार भिंतींत संपत नाही. त्याचा संसार शिवारभर पसरलेला असतो, हे शहरी नियमकर्त्यांच्या ध्यानात येत नाही.

आता कायद्याकडे वळू. खाणी व खनिजांविषयीचा केंद्रीय कायदा १९५७ चा. त्यात बांधकामाचा दगड, खडी, साधी वाळू, साधी माती यांना ‘गौण खनिज’ असे नाव दिले आहे आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे सोपविला आहे. या ‘गौण’ शब्दाने फार अनर्थ केला आहे. सोने, लोखंड, कोळसा यांच्या तुलनेत मोलाने गौण, एवढाच त्याचा अर्थ. परिणामांनीही ते गौण, असा अर्थ कारभारात रूढ झाला. खनिज गौण, म्हणून खाण गौण, म्हणून शेजारी गौण, आणि त्याची तक्रार तर त्याहून गौण, अशी ही उतरंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात ही समजूत दूर केली. ५ हेक्टरांहून लहान असलेल्या गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही पर्यावरणाची पूर्वपरवानगी घेतली पाहिजे, असा दंडक न्यायालयाने घालून दिला. त्यामागे उघड विचार होता. लहान लहान खाणी एकेक पाहिल्या तर निरुपद्रवी वाटतात. एका डोंगराला दहा ठिकाणी पोखरले की डोंगर उरत नाही.

पण न्यायालयाने दार लावले की कारभार खिडकी शोधतो. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने अधिसूचना काढून २५ हेक्टरांपर्यंतच्या एकेकट्या खाणींना जनसुनावणीच्या बंधनातून मोकळे केले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये त्यावर बोट ठेवले आणि ५ ते २५ हेक्टरांच्या खाणींना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास व लोकांचे मत घेणे आवश्यक आहे असे बजावले. उरल्या त्या ५ हेक्टरांच्या आतल्या खाणी. शिवाराला लागून निघणाऱ्या दगडखाणी पुष्कळदा याच आकाराच्या असतात. पाच हेक्टर म्हणजे सुमारे बारा एकर. २०१५–१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर आहे. म्हणजे जी खाण सरकारच्या लेखी लहान ठरते ती जवळजवळ पावणेचार शेतकऱ्यांच्या सबंध संसाराएवढी असते. आणि तिच्यासाठी शेजाऱ्याला बोलावून ‘तुझे म्हणणे काय’ असे एकदा विचारण्याची सक्ती सरकारवर नाही!

या विसंगतीचा कळस पुढेच आहे. पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९९३ साली भूजलाचा कायदा केला. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत शेतकऱ्याने परवानगीवाचून विहीर खोदू नये, असे बंधन त्यात घातले गेले. तत्त्व उत्तम होते. जमिनीखालचे पाणी एकट्याचे नाही, एकाच्या खोदण्याने दुसऱ्याचे पाणी जाते, हे सरकारने त्या दिवशी मान्य केले. मग शेतकऱ्याच्या दहा फूट रुंदीच्या विहिरीला लागू होणारे तत्त्व दहा एकरांच्या खड्ड्याला लागू का होऊ नये? विहिरीने पाणी जाते आणि खाणीने जात नाही, असा भूगोल आम्ही शाळेत शिकविला नव्हता आणि कोणत्याही पाठ्यपुस्तकात तो वाचलाही नव्हता.

ग्रामसभेच्या अधिकाराचीही तीच गत आहे. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठी संसदेने १९९६ मध्ये जो कायदा केला त्यात गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आवश्यक ठरविली आहे. आदिवासी बांधवांच्या हाती हा अधिकार आला ही समाधानाची गोष्ट; तो कागदावरून प्रत्यक्षात यावा यासाठी त्यांना अद्याप झगडावे लागते ही खेदाची. पण ज्या तर्काने तो अधिकार त्यांना मिळाला तो तर्क डोंगराच्या अलीकडच्या गावाला का लागू नये? आपल्या गावच्या भूमीचे बरेवाईट गावाला कळते, हे तत्त्व तालुक्याची हद्द ओलांडली की खोटे ठरते काय?

या ठिकाणी दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. खाणीला विरोध करणारा प्रत्येक अर्ज निर्मळ असतो असे नाही. गावातली जुनी भाऊबंदकी कधी कधी पर्यावरणाचे वस्त्र पांघरून येते. खाणीसाठी जमीन देणारा बहुधा त्याच गावचा शेतकरी असतो. माळरानाच्या तुकड्यात काही पिकत नाही, मुलीचे लग्न आहे, सोसायटीचे कर्ज आहे. अशा वेळी दगडाला भाव देणारा माणूस त्याला देवदूत वाटतो, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. खाणीवर राबणाऱ्या माणसांचा विचार तर टाळताच येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडून महाराष्ट्राचे वाडे, घाट आणि धरणे उभी करणारा वडार समाज, आणि आता परराज्यांतून येणारे मजूर, यांची चूल या दगडावर पेटते. त्यांची मुले खाणीच्या कडेला वाढतात आणि खाण हलली की शाळा सोडून तिच्यामागे जातात. या मुलांसाठी वाघोलीसारख्या ठिकाणी खाणींवर शाळा भरविण्याचे जे स्वयंसेवी प्रयत्न झाले ते वंदनीय आहेत. पण त्यांची गरज पडावी हेच या धंद्याच्या व्यवस्थेवरचे भाष्य आहे. खाणी सरसकट बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणारा मनुष्य एकतर झाडाखाली राहत असला पाहिजे, नाहीतर तो ढोंगी असला पाहिजे.

आणखी एक आक्षेप जाणते अधिकारी घेतात. नियम फार कडक केले तर सरळ धंदा करणारा मागे हटतो आणि रात्रीचा चोरटा उपसा वाढतो, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु चोर फार झाले म्हणून कुलपे काढून टाकावीत, असे कोणी शहाणा सुचवीत नाही. चोरट्या उपशावर दंड करण्याचा, वाहने जप्त करण्याचा अधिकार १९६६ च्या जमीन महसूल संहितेने महसूल अधिकाऱ्यांना दिलेलाच आहे. शस्त्र हाती आहे. ते म्यानात का राहते, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडणारे नाही.

वाघोलीचा उल्लेख आलाच आहे, तर तिच्यापासून एक बोध घेण्यासारखा आहे. पुण्याच्या पूर्वेला नगर रस्त्यावर वाघोली आणि तिच्या आसपासच्या गावांत दगडाच्या खाणी आणि क्रशर कित्येक वर्षे चालत आले आहेत. पुणे वाढले ते पुष्कळसे या दगडावर. त्या काळी धूळ होती, सुरुंग होते, विहिरी होत्या आणि शेतकरीही होते; शहराला त्याचा पत्ता नव्हता. मग शहरच चालत वाघोलीपर्यंत गेले. उंच इमारती उठल्या, नोकरदार कुटुंबे राहायला आली, आणि २०२१ साली हे गाव पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. तेव्हा धुळीची तक्रार एकाएकी बातमी झाली. तीच धूळ, तेच ढग. बदलला होता तो तक्रार करणारा. सदनिकेतल्या गृहस्थाला मुलाचा दमा सहन होत नाही, यात गैर काही नाही. त्याची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच, की खिडकीच्या काचेवर बसलेल्या धुळीला जे महत्त्व मिळते तेच ज्वारीच्या कणसावर बसलेल्या धुळीला मिळाले पाहिजे. आणि क्रशर वाघोलीतून हलवा अशी मागणी जेव्हा होते, तेव्हा तो कोठे जाणार, कोणाच्या शेताशेजारी उभा राहणार, हा प्रश्नही मागणी करणाऱ्यांनी स्वतःला विचारला पाहिजे.

आता करावयाचे काय, ते सांगितल्यावाचून टीका पुरी होत नाही.

पहिली गोष्ट विहिरींच्या नोंदीची. कोणताही नवा पट्टा देण्यापूर्वी निदान अर्ध्या किलोमीटरच्या टापूतील प्रत्येक विहिरीची खोली, पाण्याची पातळी आणि उन्हाळ्यातला टिकाव यांची नोंद पावसाळ्याआधी एकदा व नंतर एकदा झाली पाहिजे. पुण्यात मुख्यालय असलेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम करण्यास समर्थ आहे. भूजल मोजणे हेच तिचे काम आहे. खर्च अर्जदाराने सोसावा. ही नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी आणि तिची एक प्रत विहिरीच्या मालकाच्या हाती असावी. खाणीचा तळ पाण्याच्या पातळीखाली नेण्यास परवानगी हवी असेल तर त्यासाठी स्वतंत्र, कारणांसहित आदेश लागावा.

दुसरी गोष्ट पुराव्याच्या ओझ्याची. आज विहीर आटली तर ती खाणीमुळे आटली हे शेतकऱ्याने सिद्ध करावयाचे असते. हे ओझे उलटले पाहिजे. नोंद असलेली विहीर खाण सुरू झाल्यावर आटली आणि त्याच पावसात दूरच्या विहिरींना पाणी टिकले, तर ती खाणीमुळे आटली असे धरावे, आणि तसे नाही हे खाणमालकाने दाखवावे. नुकसानभरपाईसाठी त्याची ठेव जिल्हाधिकाऱ्यांकडे आधीच जमा असावी, म्हणजे शेतकऱ्याला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत.

यासाठी पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. थोडा हिशेब करू. पाच हेक्टरांची खाण वीस मीटर खोल गेली तर १० लाख घनमीटर दगड निघतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्या मापाने हा दगड साडेतीन लाख ब्रासांच्या आसपास भरतो. उतार, पायऱ्या, नासाडी सोडून निम्माच दगड वाळूसाठी गेला असे धरले तरी पावणेदोन लाख ब्रास झाले. नव्या धोरणाने दर ब्रासला ४०० रुपयांची सूट दिली आहे. म्हणजे एका लहानशा खाणीमागे सरकार सात कोटी रुपये सोडून देत आहे. जे सरकार उद्योजकाला सात कोटी माफ करू शकते, ते त्याच सवलतीला ‘शेजाऱ्याची विहीर राखीन’ एवढी एक अट घालू शकत नाही काय? सवलत द्या, पण ती ज्याच्या अंगणातून दगड जातो त्याच्या साक्षीने द्या. खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन करण्याची तरतूद २०१५ मध्ये मूळ कायद्यात झाली आहे. त्यांचा निधी जिल्ह्यात कोठेही दिवे लावण्यात आणि सभागृहे बांधण्यात न जाता प्रथम खाणीच्या लगतच्या शिवारात खर्च झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट गावाच्या मताची. पाच हेक्टरांच्या आतल्या खाणीलाही गावातच, गावाच्या भाषेत आणि शेतीची घाई नसलेल्या दिवशी सुनावणी व्हावी. ग्रामसभेचा ठराव प्रतिकूल असेल तर तो अमान्य करण्याची कारणे लेखी द्यावीत. गावाला नकाराधिकार द्यावा की नाही यावर मतभेद होऊ शकतील. गावाला उत्तर द्यावे यावर मतभेद होण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट खाणीच्या शेवटाची. खाण सुरू होताना पूजा होते, नारळ फुटतो. ती संपते तेव्हा कोणी फिरकत नाही. मागे राहतो तो पाण्याने भरलेला, कुंपण नसलेला खड्डा. पोहायला उतरलेली मुले अशा खड्ड्यांत बुडाल्याच्या बातम्या आम्हांला वारंवार छापाव्या लागतात. खड्ड्याला कुंपण घालणे, कडा उतरत्या करणे, जमेल तेथे तो गावाच्या पाणीसाठ्याला जोडणे, हे सारे पट्टा देतानाच लिहून घेतले पाहिजे, आणि त्याची अनामत काम पुरे झाल्याखेरीज परत करता कामा नये.

पाचवी आणि शेवटची गोष्ट शहराने करावयाची आहे. आपल्या शहरांत जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याची लाट आली आहे. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा रात्रीच्या अंधारात नदीकाठी, टेकडीच्या उतारावर, ओढ्यात नेऊन टाकला जातो. तो राडारोडा म्हणजे एकदा खाणीतून काढलेला दगडच आहे. तो भरडून त्याची पुन्हा खडी करता येते, फरशा आणि विटा करता येतात. केंद्राने २०१६ मध्ये त्यासाठी नियम केले आहेत. महापालिकांनी ते मनावर घेतले, नव्या बांधकामाला परवानगी देताना पुनर्वापराच्या खडीचा काही वाटा सक्तीचा केला, तर जेवढी खडी शहरात तयार होईल तेवढा एखादा डोंगर आणि एखादी विहीर वाचेल. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत पार्किंगच्या जागेवरून तासन्‌तास वाद घालणाऱ्या सभासदांनी आपल्या जुन्या घराचा दगड कोठे जाणार आणि नव्याचा कोठून येणार, एवढे दोन प्रश्न बिल्डरला विचारावेत. कायद्याचा सर्वांत चांगला रखवालदार जागा ग्राहक असतो.

हे सारे केल्याने खडी महागेल, असे कोणी म्हणेल. होय, थोडी महागेल. आज ती स्वस्त आहे, कारण तिच्या किमतीचा एक भाग दुसराच कोणी भरतो आहे. आटलेल्या विहिरीवर टँकर आणणारी बाई तो भरते आहे. धुळीने बाग गेलेला शेतकरी तो भरतो आहे. १९८५ साली मसुरीच्या डोंगरांतील चुनखडीच्या खाणींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला तेव्हा अनेक खाणी बंद करण्याचा आदेश झाला. खाणमालकांना त्याचा फटका बसेल हे जाणूनच न्यायालयाने तो दिला. लोकांच्या निरोगी जगण्याचा हक्क राखायचा तर कोणीतरी किंमत मोजावी लागते. ती ज्याला लाभ आहे त्याने मोजावी, हा न्याय. ज्याला लाभ नाही त्याच्याकडून ती वसूल करणे, ही लूट.

शिवाराकडेच्या प्रस्तावित खाणीविरुद्ध आज ज्या गावांतून अर्ज येत आहेत ते विकासाच्या आड येणाऱ्यांचे अर्ज आहेत, अशी हाकाटी करणे सोपे आहे. ते अर्ज एकदा वाचून तरी पाहावेत. त्यांत कोणी राजवाडे मागितलेले नाहीत. आमच्या विहिरीला पाणी राहू द्या, आमच्या पिकावर धूळ टाकू नका, आमच्या भिंती हलवू नका, आणि ठरविण्यापूर्वी आम्हांला एकदा विचारा, एवढेच त्यांत लिहिलेले असते. या चार मागण्या मान्य करण्यास सरकारला नवा कायदाही फारसा लागणार नाही. असलेला कायदा शेजाऱ्याच्या बाजूने वाचण्याची इच्छा तेवढी लागेल. ती इच्छा सरकारने कृत्रिम वाळूच्या नव्या कारखान्यांचे पट्टे वाटण्यापूर्वी दाखवावी. पट्टे वाटून झाल्यावर, सुरुंग वाजल्यावर आणि विहीर आटल्यावर दाखविलेल्या सहानुभूतीने कोणाचीही घागर भरत नाही.